हात फिरवून बघा!

काय दोस्तांनो, दप्तर टाकलं का कोपऱ्यात? हातपाय धुतले? मग खाऊची वाटी हातात येईपर्यंत एक काम करा. हा अंक मांडीवर तसाच राहू द्या, डोळे मिटा आणि हाताला जे लागेल त्याच्यावरून सावकाश बोटं फिरवा. सतरंजी असेल, चटई असेल, खुर्चीचा हात असेल, नाहीतर शेजारी बसलेल्या आजीचा पदर असेल. मनातल्या मनात वीस आकडे मोजा. (डोळे मिटून पुढचं वाचता येणार नाही, हे माझ्याही लक्षात आलंय. मोजून झाले की उघडा!)

काय लागलं बोटांना? मऊ? खरखरीत? दाणेदार? उभ्या-आडव्या धाग्यांची जाळी?

बोटांना हे जे कळलं ना, त्याला आपल्या मराठीत एक सुरेख शब्द आहे. पोत. शेतकरी मूठभर माती चोळून तिचा पोत बघतो. कापडाच्या दुकानात गादीवर बसलेले काका लुगड्याचा पदर आईच्या हातात देतात आणि म्हणतात, "पोत बघा, ताई, पोत!" हा पोत पुल्लिंगी बरं का. गळ्यात घालतात ती पोत वेगळी, ती स्त्रीलिंगी. आणि देवीपुढे पाजळतात तो पोत आणखी तिसराच. व्याकरणाच्या पेपरात गोंधळ घालाल आणि माझं नाव सांगाल, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आज पोताचा विषय काढायला कारण झालं एक पत्र. सातारा जिल्ह्यातल्या आठवीत शिकणाऱ्या एका मैत्रिणीचं. तिच्या शाळेचं हस्तलिखित यंदा पहिल्यांदाच छापखान्यात जाणार आहे आणि मुखपृष्ठाचं काम बाईंनी तिला दिलंय. विषय आहे 'आमचं गाव'. तिला तिच्या घराचं चित्र टाकायचंय, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत ते घर पाडणार आहेत. सागवानी दार, काळ्या दगडाचं जोतं, शेणानं सारवलेली पडवी, असं ते जुनं घर. तिथं आता स्लॅबचं घर होणार. त्याचा तिला आनंदच आहे, पावसाळ्यात पातेली मांडायला लागणार नाहीत म्हणून! पण पुढं ती लिहिते : "मी बाबांच्या मोबाइलवर चाळीस फोटो काढले. फोटोत घर दिसतं, पण आमचं घर वाटत नाही. मग नेटवरून लाकडाचं एक चित्र उतरवलं आणि मागं लावलं. सगळे छान म्हणाले. पण ते लाकूड आमचं नाही. काय करू?"

'ते लाकूड आमचं नाही.' हे वाक्य मी तीनदा वाचलं. चित्रकलेच्या मोठमोठ्या पुस्तकांत पाच-पाच पानं खर्चून जे सांगतात, ते या पोरीनं चार शब्दांत सांगितलं. म्हणून आजचा सगळा मजकूर तिच्यासाठी. तुम्ही बाकीचे बाजूला बसून ऐका. तुमच्याही उपयोगाचा आहे.

पेन्सिलीचं जुनंच काम

नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की नाणं कागदावर उमटतं. हे तुम्ही सगळ्यांनी केलंय. गणिताच्या तासाला केलंय, तेही मला माहीत आहे! उंच भागावर पेन्सिलीचा जोर पडतो तिथं काळं होतं, खोलगट भाग पांढरा राहतो. एवढीच युक्ती. पण या एवढ्याशा युक्तीवर मोठी मोठी माणसं भाळली आहेत.

माक्स अर्न्स्ट नावाचा एक जर्मन चित्रकार होता. १९२५ साली तो फ्रान्समध्ये समुद्रकाठच्या एका हॉटेलात उतरला होता. घासून घासून झिजलेली तिथली लाकडी जमीन. तिच्या शिरांकडे त्याची नजर सारखी जायला लागली. शेवटी त्यानं जमिनीवर कागद टाकले आणि वरून काळी शिशाची कांडी घासली. उमटलेल्या रेषांत त्याला जंगलं दिसायला लागली, पक्षी दिसायला लागले. मग काय, पानं, कापड, दोरा, जे सापडेल ते त्यानं कागदाखाली घातलं. अशा ३४ चित्रांचा त्याचा संच १९२६ साली पॅरिसमध्ये छापून निघाला.

आपल्याकडे शिलालेख वाचणारी मंडळीही ठसेच घेतात, पण त्यांची रीत निराळी. ओला कागद दगडावर पसरायचा, ब्रशानं हळूहळू ठोकत अक्षरांच्या खाचांत बसवायचा आणि जरा सुकत आला की वरून शाईचा बोळा टिपत जायचं. खाचांना शाई लागत नाही, म्हणून काळ्या कागदावर पांढरी अक्षरं उभी राहतात. दगडावर नुसत्या डोळ्यांनी न दिसणारी अक्षरंसुद्धा कधीकधी ठशात वाचता येतात. (ही रीत तुम्ही लेण्यांत जाऊन करायची नाही हं! तिथं परवानगी लागते आणि सराईत हात लागतो. आपल्याला आपलं जोतं पुरे.)

आता दाराकडे वळू. कागद पातळ घ्या, चित्रकलेचा जाड कागद नको. सहा बी पेन्सिल किंवा काळा मेणखडू. कागद चार कोपऱ्यांना कागदी चिकटपट्टीनं नीट बसवा, कारण मध्येच सरकला की एका दाराची दोन दारं होतात. खडूचं वेष्टन काढून तो आडवा धरा आणि हलक्या हातानं, एकाच दिशेनं फिरवत राहा. जोर लावू नका. कागद फाटेल, शिवाय ठसाही सपाट येईल.

आणि एक गंमत तुमच्या लक्षात येईल. नव्या गुळगुळीत फळीचा ठसा घ्यायला जाल तर जवळजवळ काहीच उमटत नाही. जुन्या दाराचा मात्र असा उमटतो की बघत राहावं! असं का? सागाचं झाड दर वर्षी एक वलय वाढवतं. त्यात वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीला तयार झालेलं लाकूड मोठ्या छिद्रांचं, मऊसर असतं आणि नंतरचं घट्ट, कठीण. दार ऊन-पाऊस खात उभं राहतं तेव्हा मऊ भाग लवकर झिजतो, कठीण भाग मागं राहतो. म्हणजे शिरा वर येतात. आपण हात लावून लावून दार झिजवतो ते वेगळंच. थोडक्यात, तुमच्या ठशात दिसतं ते नुसतं झाड नाही. झाडानंतरचे सगळे पावसाळेही त्यात असतात. नेटवरच्या लाकडात कुणाचे तरी पावसाळे असतीलच, पण ते तुमच्या अंगणातले नव्हेत. आपल्या मैत्रिणीला हेच खुपलं असणार.

पानाची नोट

दार-दगडाचं झालं. आता पानाची गोष्ट. ही मला फार आवडते, म्हणून जरा लांबवणार आहे.

बेंजामिन फ्रँकलिन तुम्हाला माहीत आहे तो पतंगाचा आणि विजेचा. पण त्याचा मूळ धंदा छापखान्याचा. अमेरिकेत तेव्हा इंग्रजांच्या वसाहती होत्या, आणि त्यांच्या कागदी नोटा छापायचं काम फिलाडेल्फियातल्या फ्रँकलिनकडे यायचं. अडचण एकच, खोट्या नोटा! कसलीही नक्षी कोरा, तिची नक्कल कोरणारा हुशार चोर कुठं ना कुठं बसलेला असायचाच. माणसानं कोरलेलं माणसाला पुन्हा कोरता येणारच की.

मग फ्रँकलिननं काय केलं? १७३०च्या दशकाच्या अखेरीपासून त्यानं नोटेच्या मागच्या बाजूला झाडाचं खरंखुरं पान छापायला सुरुवात केली. पानांचे ठसे घेण्याचा नाद असलेला त्याचा एक मित्र होता. त्या नादाचा फ्रँकलिननं असा उपयोग केला. पिंपळाचं एखादं पान उजेडात धरून बघा म्हणजे यातली मेख कळेल. मधली शीर देठाशी जाड, टोकाला केसासारखी. तिला फुटलेल्या शिरा, त्यांना फुटलेल्या आणखी बारीक शिरा, आणि त्यांच्यामधली ती जाळी. प्रत्येक रेषेची जाडी हळूहळू बदलत जाते. हे हातानं कोरायचं म्हटलं तर डोळे जातील! आणि एका झाडाची दोन पानंसुद्धा हुबेहूब सारखी नसतात. तेव्हा नक्कल करायची तर चोराला नेमकं तेच पान हवं, आणि ते फ्रँकलिनकडे.

पण पान तर मऊ. छापखान्याच्या दाबाखाली त्याचा चुराडा होईल. मग ठोकळा कसा केला? फ्रँकलिननं ते गुपित ठेवलं. पुढं अभ्यासकांनी जे शोधून काढलं ते असं : पान ओल्या प्लास्टरात दाबून त्याचा साचा घ्यायचा आणि साच्यात टाइपाचा धातू ओतायचा. म्हणजे निघाला पानाचा धातूचा ठोकळा! टाइपाच्या अक्षरांशेजारी तो बसवला की झाली नोट तयार. नोटांवर मागच्या बाजूला पानाबरोबर कधीकधी विणलेल्या कापडाचा पोतही दिसतो, तो यामुळंच.

पुढं शंभरेक वर्षांनी, १८५०च्या सुमारास, व्हिएन्नाच्या सरकारी छापखान्यात आणि मग इंग्लंडमध्ये वेगळी रीत निघाली. वाळवलेलं नेचं शिशाच्या पत्र्यावर ठेवायचं आणि लोखंडी रुळांमधून जोरात दाबून काढायचं. शिसं इतकं मऊ की नेच्याची शीर न् शीर पत्र्यात उतरते. त्यावरून विजेच्या साहाय्यानं तांब्याचा पत्रा बनवून छापायचं. हेन्री ब्रॅडबरीनं अशी नेच्यांची पुस्तकं छापली. १८५५ सालचं त्याचं मोठं पुस्तक आजही लोक जपून ठेवतात. पानावर वाळलेलं नेचं चिकटवलंय असंच वाटतं.

तुम्हाला घरी शिसं-बिसं वितळवायचं नाही! पान एक दिवस वर्तमानपत्रात दाबून ठेवा, म्हणजे ओल जाते आणि ते सपाट होतं. मग त्याची मागची बाजू वर करा, कारण शिरा तिकडं उठलेल्या असतात. पुसट, कोरडासा रंग बोळ्यानं टिपा आणि त्यावर कागद ठेवून तळहातानं दाबा. पहिले तीन ठसे बिघडतातच. मी पैज लावायला तयार आहे. चौथ्यापासून जमतं.

उजेड तिरपा हवा

सगळ्याच गोष्टींचा ठसा घेता येत नाही. सारवलेल्या जमिनीचा घ्याल तर पोपडे निघतील. सुपाचा येतो, गोधडीचा नीट येत नाही. अशा वेळी फोटोच. पण आपल्या मैत्रिणीनं तर चाळीस फोटो काढले, मग बिनसलं कुठं?

मी सांगतो, फोटोंचा दोष नसणार. दोष उजेडाचा. भर दुपारी किंवा फ्लॅश मारून काढले असतील. पोत म्हणजे काय, तर बारीक बारीक उंचवटे आणि खड्डे. डोळ्यांना ते दिसतात त्यांच्या सावल्यांमुळं. उजेड समोरून आला की सावल्या वस्तूच्या मागं लपतात आणि भिंत सपाट दिसते. उजेड बाजूनं, अगदी जमिनीला घासून आला की एवढ्याशा कणाचीही लांब सावली पडते. म्हणून सकाळचं कोवळं ऊन किंवा संध्याकाळचं कलतं ऊन घ्यायचं. ऊन नसेल तर खोलीत अंधार करून एका बाजूनं बॅटरी धरा. शिलालेखांचे फोटो काढणारेही हेच करतात. फोन भिंतीला समांतर हवा, तिरका नको. आणि चित्राच्या कडेला सहा इंची पट्टी ठेवा, म्हणजे मूळ वस्तू केवढी होती हे नंतर कळतं. पट्टी मागाहून कापून टाकायची.

एक जादू सांगू? जोत्याच्या दगडावर पाथरवटानं मारलेल्या छिन्नीच्या घावांचा असा फोटो काढा. मग तो उलटा फिरवा, खालची बाजू वर. बघा, खड्ड्यांच्या टेकड्या झाल्या! कारण उजेड वरून येतो असं आपल्या मेंदूनं धरूनच ठेवलंय. जन्मापासून सूर्य डोक्यावरच बघतोय ना तो. म्हणून चित्रात दोन पोत शेजारी लावताना दोन्हींचा उजेड एकाच बाजूचा आहे की नाही हे आधी बघायचं. नाहीतर काहीतरी चुकलंय असं बघणाऱ्याला वाटत राहतं आणि काय चुकलंय ते सांगता येत नाही.

गणित सुटत नाही

ठसा झाला, फोटो झाला, आता संगणकात घालू. पानाचे आणि ठशाचे कागद स्कॅनरवर ठेवता येतात. तिथं एक प्रश्न विचारला जातो : दर इंचाला किती पिक्सेल? पिक्सेल म्हणजे संगणकातल्या चित्राचा एक दाणा. छपाईसाठी साधारण इंचाला ३०० दाणे लागतात. आता हिशेब करा. पान चार इंच रुंद आहे, ३००वर स्कॅन केलं. किती दाणे मिळाले? १२००. पण मुखपृष्ठ आठ इंच रुंद आहे आणि पान तेवढं मोठं करायचंय. मग १२०० दाणे आठ इंचांत पसरले. इंचाला उरले १५०. चित्र धूसर! म्हणजे स्कॅन करतानाच ६०० घ्यायला हवे होते. नंतर संगणकात आकडा वाढवून उपयोग नाही. एक वाटी पिठाला दोन वाट्या म्हटल्यानं चार भाकऱ्या जास्त होत नाहीत.

कधी कधी छोटासा तुकडा पानभर पसरायचा असतो. पोत्याचा एक हातभर तुकडा आहे आणि मागची सगळी जागा भरायचीय. तेव्हा लाद्या बसवतात तसे तेच चित्र शेजारी शेजारी लावतात. पण मग सांधे दिसतात. त्यावर अशी युक्ती : चित्राचे मधोमध चार तुकडे करायचे आणि त्यांची अदलाबदल करायची. डावे उजवीकडे, वरचे खाली. आता बाहेरच्या कडा पूर्वी चित्राच्या पोटात होत्या, म्हणून त्या एकमेकींना अचूक जुळतात. आणि पूर्वीच्या कडा मध्ये येऊन त्यांचा एक अधिक चिन्हासारखा सांधा दिसतो. तेवढा एक सांधा आजूबाजूच्या पोतानं बुजवायचा. बास! आता हवे तेवढे तुकडे लावा. गिम्प हा मोफत मिळणारा प्रोग्रॅम आहे, त्यात हे करता येतं. एवढं मात्र बघा की त्या तुकड्यात लाकडाची मोठी गाठ किंवा ठळक डाग नको. नाहीतर तोच डाग दर चार इंचांवर हजेरी लावतो आणि सगळं पितळ उघडं पडतं.

संगणक स्वतःच लाकूड, संगमरवर तयार करू शकत नाही का, असं कुणीतरी विचारणारच. करतो की. केन पर्लिन नावाच्या अमेरिकन माणसाची ही करामत. १९८२ साली आलेल्या 'ट्रॉन' या सिनेमाच्या संगणकी चित्रांवर त्यानं काम केलं होतं. ती चित्रं त्याला फार गुळगुळीत, यंत्रातून काढल्यासारखी वाटली. मग १९८३च्या सुमारास त्यानं एक गणिती रीत काढली. नुसते कसेही ठिपके टाकले तर जुन्या टीव्हीवर यायच्या तशा मुंग्या दिसतात. पर्लिनच्या रीतीत शेजारच्या ठिपक्यांत थोडाथोडाच फरक असतो, त्यामुळं डोंगर-दऱ्यांसारखे चढउतार मिळतात. मोठ्या चढउतारावर लहान, लहानावर आणखी लहान असे थर द्यायचे. सरळ पट्टे घेऊन या चढउतारांनी हलवले की संगमरवर, वलयं हलवली की लाकूड! १९९७ साली या कामासाठी त्याला ऑस्करवाल्यांचं तांत्रिक पारितोषिक मिळालं. सिनेमातले ढग, डोंगर, धूर बघताना त्याची आठवण काढा.

आता तर नुसतं सांगितलं की चित्र काढून देणारे संगणकही आलेत. मला त्यांचा राग नाही. राक्षसाच्या महालाचा दरवाजा काढायचा असेल तर खुशाल त्यांच्याकडून काढून घ्या. राक्षस तक्रार करणार नाही. पण आपल्या मैत्रिणीचा दरवाजा त्यांच्याकडे कुठून असणार? आणि नेटवरून दुसऱ्याचं चित्र उचललं तर ते कुणाचं आहे, छापायची परवानगी आहे का, हेही बघावं लागतं. स्वतःच्या दाराची परवानगी आजोबांकडून मिळते.

माझी फजिती

आता माझी एक गोष्ट. सांगायला लाज वाटते, तरी सांगतो.

पंचवीसेक वर्षांपूर्वी एका शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायची होती आणि मांडणीचं काम माझ्याकडे होतं. शाळेच्या माळ्यावर पहिल्या वर्षीचा एक बाक सापडला. शाईचे डाग, कर्कटकानं कोरलेली नावं, झिजलेल्या कडा. मी हरखून गेलो! त्याचा फोटो काढला आणि स्मरणिकेत आजवरच्या सगळ्या शिक्षकांच्या नावांच्या यादीमागं तो पानभर लावला. पडद्यावर काय सुरेख दिसत होतं! मी स्वतःवरच खूश.

पाचशे प्रती छापून आल्या. समारंभ सुरू झाला. पहिल्या वर्षीचे एक गुरुजी आले होते, नव्वदीच्या घरातले. त्यांनी ते पान उघडलं, चष्मा पुसला, पान उजेडाकडे धरलं, परत जवळ घेतलं. मग शेजारी मी बसलोय हे माहीत नसताना मलाच विचारलं, "सुंदर आहे हो हे. पण यात माझं नाव कुठंय?"

नाव होतं. चौथ्या ओळीत होतं. पण बाकाच्या एका काळ्या शिरेवर बसलं होतं आणि मला स्वतःलाही पटकन सापडलं नाही.

झालं काय होतं, तर पडद्यातून उजेड बाहेर येतो, कागदातून येत नाही. शिवाय आमचा कागद होता साधा, शाई पिणारा. छापलेलं चित्र बारीक ठिपक्यांचं असतं (वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरून बघा). साध्या कागदावर हे ठिपके पसरतात आणि चित्र गडद होतं. मी बाक पडद्यावर बघितला होता, कागदावर एकदाही नाही. त्या रात्री आम्ही चौघांनी पांढऱ्या कागदावर नुसत्या नावांची यादी छापली आणि पाहुण्यांच्या हाती गेलेल्या प्रती सोडून बाकी सगळ्यांत गोंदानं चिकटवली. गुरुजींच्या प्रतीत चिकटवायला मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत बोट ठेवून वाचली, मग मला चहा दिला. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून अक्षरांमागं पोत लावायचा तर मी तो इतका पुसट करतो की तो आहे की नाही अशी शंका यावी. गडद भाग दहा-पंधरा टक्क्यांवर आणतो. आणि त्याच कागदावर एक पान छापून घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला वाचायला देतो. अडखळलं की आणखी पुसट. नावं असतील तिथं तर मागं काहीच लावत नाही.

कागदाचं बोललो म्हणून आठवलं. खडबडीत कागदाचा फोटो गुळगुळीत कागदावर छापण्याची एक फॅशन आहे. मला ती कधी पटली नाही. हात लावला की खोटेपणा कळतो. त्यापेक्षा सरळ खडबडीत कागदच घ्यावा. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली, आपल्याकडे हा कागद माहितीचा आहे. तंतू दिसणारा, कडा जराशा फाटल्यासारख्या. पाचशे प्रतींना महाग पडेल, पण एका भेटकार्डाला? सहज.

(आई-बाबांसाठी दोन ओळी. या उद्योगात भिंतीला खडू लागतो, फरशीवर रंग सांडतो आणि जुन्या पोत्यांचा पसारा दोन दिवस बैठकीत राहतो. तेवढं चालवून घ्या. आणि घर बदलणार असाल, पाडणार असाल, तर सामान बांधायच्या आधी एक रविवार मुलांना मोकळा द्या. त्यांना काय ठेवावंसं वाटतं ते कपाटांच्या यादीत नसतं.)

तर मुली,

आता फक्त तुझ्याशी. दाराचा ठसा घेशीलच. पण दारापेक्षा उंबरा आधी घे. मधोमध तो खोलगट झाला असेल, तिथं कागद बसणार नाही, सुरकुत्या पडतील. पडू देत. कडीच्या मागं कडी आपटून आपटून लाकडावर कोयरीसारखा खळगा झालेला असतो, तो विसरू नकोस. जोत्याच्या दगडाला जाडसर मेणखडू वापर. तो दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराचा थंड झालेला लाव्हा आहे, एका रविवारानं त्याला काही होत नाही. आणि बाबांना विचारून ठेव, नव्या घरात पायरीला त्यातला एखादा लावता येईल का.

मुखपृष्ठावर घराचा फोटो नसला तरी चालेल. दाराच्या एका फळीचा ठसा पानभर लाव, उभा, जसा आहे तसा, काळा-पांढरा. 'आमचं गाव' ही अक्षरं त्याच्यावर टाकू नकोस. त्यांच्यासाठी वरची किंवा खालची चार बोटं जागा कोरी ठेव. मागच्या पानावर कशाचा कशाचा ठसा आहे ते बारीक अक्षरांत लिही, वर्षासकट.

राहिली पडवी. तिचा ठसा येणार नाही. पण तुझी आजी अजून सारवते असं तू लिहिलंयस. सुट्टी लागायच्या आधी तिला एकदा पडवी सारवायला सांग. तिच्या बोटांच्या कमानी सुकल्यावर जमिनीवर उमटून राहतात, एकात एक, उजवीकडून डावीकडे. पूर्ण सुकू दे. मग संध्याकाळी ऊन दारातून आडवं आत येतं तेव्हा जमिनीला समांतर फोन धरून फोटो काढ. आजीला सांगितल्याशिवाय नको. आणि तिचा हातही एका फोटोत कडेला येऊ दे, पट्टीच्या ऐवजी.

ठसा मला पाठवशील तेव्हा पाकीट मोठं घे. दुमडू नकोस, मेणखडू घडीवर निघतो.